रिकाम्या खुंट्याला आवतण

पोळा जवळ आला की अजूनही माझं डोकं सणकतं.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही अर्धपोटी राहून बाबांची बैलजोडी जगवली. पुढच्या पावसाळ्यात त्यातल्या पांढऱ्याचा गळा सुजला. आई घसा फोडून सांगत होती, उमरेडहून गुरांचा डॉक्टर आणा. बाबांनी महादेवाचा अंगारा आणला. दोन दिवस तोच लावत बसले. तिसऱ्या दिवशी बैल मेला. वर म्हणतात काय, "त्यानंच देल्ला होता, त्यानंच नेला." वा रे वा देव!

मी तेव्हा नागपुरात मास्तरणीचा कोर्स करत होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी एसटीनं घरी आले, ती धुमसतच. त्या संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे सोलवटतात, म्हणून त्यांना तूप-हळद चोळायची आणि उद्याच्या पुरणपोळीला बोलवायचं. बाबांनी उरलेल्या बैलाचा खांदा चोळला, म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." मग शेजारच्या रिकाम्या खुंट्यापाशी बसले. त्यालाही तूप-हळद. त्यालाही आवतण.

माझा तोल सुटला. "बाबा, त्या खुंट्याले काहून बोलावून राहिले? डॉक्टरले बोलावलं असतं तर बैल उभा असता इथं! घरात वाटीभर तूप, तेही लाकडाले?"

"असं नोको बोलू वं माय. महादेव पाह्यते सारं. देईन तो दुसरा."

"काही पाहत नाही तुमचा महादेव! डोळे फुटले त्याचे!"

ते नुसते हसले. त्या हसण्याची मला भयंकर चीड होती. वाटी खाली ठेवायला वाकले तशी त्यांची बंडी खांद्यावरून सरकली. खांद्याचं कातडं निघालेलं, आत लाल मांस. मी आईकडे पाहिलं.

"महिना झाला," आई तोंड फिरवून म्हणाली. "तण काढाले डवरा तं चालवाच लागते. मेलेल्या बैलाच्या जागी हेच जुवात उभे राह्यते. मांगून मले हाकलावं लागते."

मी वाटी उचलली. उरलंसुरलं तूप त्या खांद्यावर चोळलं, रागानं, जोरात. ते कळवळले, पण जागचे हलले नाहीत.

"आज आवतण घ्या," मी ओरडले, "उद्या जेवाले या!"

बाबांनी हात जोडले. मला नाही, देवळाच्या दिशेनं.

"पाह्यलं वं," ते आईला म्हणाले, "तूप लावाले पोरगी धाडली त्यानं."