एक पुंगळी कमी

आधी चाचांचं सांगतो, मग माझी चूक. इथं आखातात, अल कुसैसच्या आमच्या वर्कशॉपमधले ते सगळ्यात जुने मिस्त्री, रत्नागिरीकडचे. मी सातवीतून शाळा सोडलेला. चाचांनी मला इथं तापवायची गॅसची टॉर्च धरायला शिकवलं, आणि त्या दिवशी माझ्या जागी ते स्वतः उभे राहिले.

शारजाचे एक म्हातारे अरबाब, म्हणजे शेठ, आमचे गिऱ्हाईक. त्यांच्याकडे परवान्याची जुनी रायफल आहे, दांडा खाली-वर केला की पुढची गोळी चढते अशी. काळ्या बारुदाच्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या ते नेमबाजीच्या क्लबात पुन्हा भरून घेतात. वापरून वापरून पुंगळीचं तोंड कडक होतं, तडकतं. ते ताव देऊन नरम करायचं काम आमचं.

त्या दिवशी चाचा जबल अलीला माल पोचवायला गेलेले. पन्नास पुंगळ्या मी एकट्यानेच केल्या. गावी मामाच्या कारखान्यात पितळेची भांडी केलेली. भांडं सगळं लाल करायचं आणि पाण्यात टाकायचं, हाताला एवढंच ठाऊक. चाचा ट्रेमध्ये पाणी ओततात ते विझवायलाच, असं मी धरून चाललो होतो. मी तर बादलीतच विझवल्या. मग पॉलिश मारलं. सोन्यासारख्या दिसत होत्या. अरबाबचा ड्रायव्हर डबा घेऊन गेला. जाताना म्हणाला, संध्याकाळी क्लब आहे.

चाचा आले, ट्रेकडे बघितलं. कोरडा.

"बुडं पाण्यात उभी केली नाहीस?"

"नाही चाचा. अख्खी पुंगळीच लाल केली."

"अरे, त्यात आमटी शिजवायची होती काय?" ते हसतील असं वाटलं. हसले नाहीत. "तोंड नरम पाहिजे, बूड कडकच राहिलं पाहिजे. बूड नरम पडलं तर बार मागे फुटतो. आणि मागे काय असतं? माणसाचा गाल."

ड्रायव्हर फोन उचलेना. चाचा म्हणाले, "यल्ला, बस गाडीत."

शारजाच्या रस्त्याला नेहमीचा जाम. एसी चालू, तरी माझा शर्ट भिजला. व्हिसा जाईल, घरी काय सांगू, हे आधी मनात आलं. म्हाताऱ्याचा डोळा नंतर. याची लाज अजून वाटते.

अरबाब दारातच भेटले. रायफलची पेटी गाडीत ठेवून झाली होती. मी तोंड उघडायच्या आत चाचा म्हणाले, "अरबाब, गलती मेरी है. ये माल मत भरना."

डबा उघडून मोजलं. एकोणपन्नास. पुन्हा मोजलं. एकोणपन्नासच. गाडीच्या सीटखाली पाहिलं, पायपुसणी उचलली. अरबाबकडे तसल्याच शेकडो पुंगळ्या पडलेल्या, पॉलिश केलेल्या; त्यांत आमची एक मिसळली तर ओळखू न येणाऱ्या. ते म्हणाले, "इन्शाल्ला मिल जाएगा. खलास." म्हणजे विषय संपला.

डबा घेऊन परत आल्यावर चाचांनी एक पुंगळी ऐरणीवर ठेवली आणि बुडावर हातोडी मारली. जाड कड एका ठोक्यात चपटी झाली. त्यांनी हातोडी माझ्याकडे दिली. बाकीच्या मी ठोकल्या.

पन्नासावी अजून मिळालेली नाही. अरबाब अजून क्लबात जातात. वर्कशॉपचा फोन वाजला की मी हातातलं काम थांबवतो. चूक चाचांच्या नावावर आहे. त्यांनाही घर आहे, मुली आहेत, आणि त्यांचाही व्हिसा आहे. ती पुंगळी कधी ना कधी कुणाच्या तरी हातात येईल. त्या दिवशी चाचांनी तोंड उघडायच्या आत मी पुढे होईन आणि सांगेन, ती मी तापवली होती. त्यांचं एवढं देणं मी फेडणारच.