कोऱ्या नारळाचा फोटो

यंत्रांना जीव लावणारी माणसं आमच्या भालकी तालुक्यात पुष्कळ आहेत, पण यंत्राला घरी आलेल्या पाहुण्यासारखं वागवणारा माणूस एकच, आणि तो माझा मेव्हणा आहे. नवा पेनड्राइव्ह आणला तरी तो हळदकुंकू वाहतो. मोबाइलच्या चार्जरला त्याने ओवाळलेलं मी पाहिलं आहे. भालकीत त्याचा फोटो स्टुडिओ आहे. रस्त्यात कुणी भेटलं तर नमस्काराआधी "हनुवटी जरा खाली" म्हणतो. मी दवाखान्यात पडलो होतो तेव्हा सलाइनची बाटली फ्रेममध्ये येते म्हणून त्याने नर्सला ती सरकवायला लावली होती.

माझ्या मुलीच्या लग्नासाठी त्याने अडतीस हजारांची नवी लेन्स घेतली. डबा तालुक्यातल्याच मेहकरला, आमच्या घरी उघडला. हजर मी, बायको, मुलगी आणि पूजेचा नारळ. पूजेआधी त्याने एक फोटो काढला. डावीकडे ताट आणि नारळ लख्ख, उजवीकडे मी धूसर.

"दाजी, तुम्ही हालायलाव."

मी श्वास रोखून पुन्हा उभा राहिलो. पुन्हा धूसर. "नंतर बघू," म्हणत त्याने नारळाला आणि मग लेन्सला चिमूटभर कुंकू लावलं. नंतर भिंतीचा फोटो काढला, तर भिंतही उजवीकडे धूसर.

"भिंत बी हालायली का?" मी विचारलं.

तो खाली बसला. लग्न पंधरा दिवसांवर होतं. "भाचीच्या लग्नात उजवीकडं कुणी उभारू नका म्हणून सांगू का, दाजी?"

दुसऱ्या दिवशी आम्ही कलबुर्गीच्या सर्व्हिस सेंटरात गेलो. तिथल्या कारागिराने लेन्सचं कडं सैल केलं तसं टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर कुंकू सांडलं. "अण्णा, अंदर कुंकू भरा है. वारंटी नै लगती. ग्यारा हजार होते."

मेव्हण्याने कॅमेरा सुरू केला आणि पूजेआधीचा पहिला फोटो त्याच्यापुढे धरला. "दाजी अंधुक हायत, व्हय? आता नारळ बघा. कोरा हाय. आमच्यात नारळाच्या आधी कुणालाच कुंकू लागत न्हाई."

कारागिराने फोटो मोठा करून नारळ पाहिला. त्याच्या पेचकसांच्या डब्यावर गेल्या दसऱ्याचं कुंकू अजून वाळून बसलेलं होतं. तो हसला. "सही बात है," म्हणाला आणि दोष कंपनीचा असल्याचं लिहून दिलं.

लग्नाच्या चार दिवस आधी लेन्स आली. या वेळी त्याने कुंकू फक्त नारळाला लावलं, लेन्सला लांबून ओवाळलं.

लग्नाचा अल्बम काचेसारखा स्वच्छ निघाला. पाठवणीचा एकच फोटो सगळा पुसट, डावीकडे आणि उजवीकडेही.

"लेन्स परत बिघडली का?" मी विचारलं.

त्याने अल्बम मिटला. "लेन्स चांगली हाय, दाजी. ह्या वक्ताला मी हाललो."

दुरुस्तीचं कंपनीला काहीच द्यावं लागलं नाही. नारळाचे तीस रुपये दुकानदाराला मी दिले. त्या पुसट फोटोला चौकट करून आणली, तिचे पैसे मात्र त्याने मला देऊ दिले नाहीत.