ताईच्या गोठ्याचे आठ खांब

लोक त्याला रंधामास्तर म्हणायचे, आणि ते कौतुकापेक्षा चिडवायलाच जास्त. तसा तो सुतार, चांगला चाळीस वर्षं मुरलेला, पण खडबडीत लाकूड दिसलं की त्याचे हात शिवशिवायला लागायचे. कुणाकडे कामाची बोलणी करायला गेला, की तोंडाने बोलणं आणि अंगठ्याने समोरच्या टेबलाची कड चाचपणं एकदमच चालायचं. मग मध्येच, "हिच्यावर एक हात फिरवून देऊ का? फुकट देतो." बायको म्हणायची, "ह्यांच्यासमोर माझ्या टाचासुद्धा उघड्या ठेवायची सोय नाही. रंधा काढतील!"

ही खोड लहानपणापासूनची. नऊ वर्षांचा असताना वडिलांचा रंधा पळवून त्याने आईची धुण्याची फळी अशी साफ केली, की काय विचारता! फळीवरच्या ज्या खाचांवर कपडे घासायचे, त्या सगळ्या गायब. ती गुळगुळीत फळी घेऊन हा मोठ्या ऐटीत आईपुढे उभा. आईने हात उगारला तशी ताई मध्ये पडली. "मीच सांगितलं त्याला," म्हणाली. धादांत खोटं. ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. दोन चपराका तिने खाल्ल्या आणि कोपऱ्यात नेऊन डोळे पुसले ते याचे. ते उपकार तो कधी विसरला नाही. फळीचं काय चुकलं, ते मात्र त्याच्या डोक्यात तेव्हाही नीट शिरलं नव्हतं.

ताई लग्न होऊन गेली ती गाईंच्या घरात. वस्तीपासून जरा लांब दगडी गोठा, आत लाकडाचे आठ खांब आणि आठ खांबांना आठ गाई. मूलबाळ झालं नाही. नवराबायको दोघं, आणि पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत त्या गाई. त्यांची एक गंमत होती. गाय म्हातारी होऊन गेली तरी तिचं नाव खांबाकडेच राहायचं. दारालगतच्या पहिल्या खांबाला जी येईल ती बांडी, दुसऱ्याची मोरी, तिसऱ्याची चांदी. प्रत्येकीची ओढ वेगळी, त्यामुळे दाव्याचा दोर घासून घासून प्रत्येक खांबाला पडलेली खाचही वेगळी. बांडीची गुडघ्याच्या वर आणि बोटभर खोल, मोरीची कमरेला, चांदीच्या तर एकाखाली एक दोन. आठवा खांब शेवटच्या गाईचा, पण वरच्या बाजूला ताईच्या नवऱ्याचा. दूध काढून झालं की तो तिथे पाठ टेकून उभा राहायचा. खांद्याच्या उंचीवर लाकडाला त्याच्या पाठीचा खोलगटपणा आला होता.

नवरा गेला, आणि पाठोपाठ ताईचे डोळे. काचबिंदू. वर्षभरात समोरचा माणूस दिसेना. तरी बाईने पुढची दोन वर्षं धारा काढल्या! दारातून आत शिरायची, हात पुढे करायची, खाच लागली की ओळखायची आणि बसायची. रंधामास्तर काकुळतीला यायचा, "ताई, बस कर गं आता." त्यावर ती म्हणायची, "घरात मी आंधळी आहे रे धाकट्या. गोठ्यात नाही."

शेवटी एकदा अंगणात पडून मनगट मोडलं आणि सगळंच आवरावं लागलं. गाई गेल्या, गोठा विकला, आणि ताई भावाकडे राहायला आली. बरोबर आणली फक्त एक खाट. जुनी, कडा झिजलेली, उशाकडचा दांडा तर पार दबलेला. नवरा आजारात वर्षभर तोच दांडा धरून उठायचा. रंधामास्तर दर आठवड्याला म्हणायचा, "तुझी खाट एकदा चकचकीत करून देतो." ताई म्हणायची, "बघू रे, तुझी कामं तर होऊ देत."

गोठा घेतला तो शहरातल्या एका दातांच्या डॉक्टरबाईंनी. त्यांना सुट्टीत येऊन राहायला घर हवं होतं, तेही गोठ्यासारखं दिसणारं. आणि सुतारकाम आलं रंधामास्तरकडेच. त्याला आभाळ ठेंगणं झालं. ताईचा गोठा आपल्या हाताने नव्याने उभा करायचा, आणखी काय पाहिजे? कामाला जायच्या पहिल्या दिवशी ताईने त्याचा हात धरला. "एक मागते. सगळं झालं की मला एकदा आत ने. कुणी धरायचं नाही. माझी मी दारापासून शेवटच्या खांबापर्यंत जाईन. एकदाच. मग मरायला मोकळी." डॉक्टरबाईंच्या कानावर घातलं, तर त्याही विरघळल्या. "अहो, आणा की! पहिल्या पाहुण्या त्याच."

काम पाच महिने चाललं. कौलं उतरवून नवी घातली, माळ्यावर झोपायची खोली झाली, गव्हाणीवर फळ्या ठोकून बसायला बाक केला. सांडपाण्यापाशी कुजलेला सातवा खांब बदलून वखारीतून नवा आणला, आणि तिसऱ्या खांबाशी न्हाणीघराची भिंत आली. मग सजावट. बाईंनी जुनं जू भिंतीवर टांगलं, दुधाच्या कॅनमध्ये फुलं ठेवली, शेणाच्या पाटीत दिवा लावला. ज्याने जन्मात शेण उचललं नाही त्यालाच असलं सुचावं! पण बाई मनाने चांगल्या. एकच गोष्ट त्यांनी तीनतीनदा बजावली होती. "मास्तर, खांब जसे आहेत तसे राहू द्या. नुसतं तेल लावा."

आणि बाई पंधरा दिवस बाहेर गेल्या.

आता बघा. रंधामास्तरचं म्हणणंही चूक नव्हतं हो. तेल लावायला म्हणून त्याने बांडीच्या खांबावर हात फिरवला, आणि बोटात कूस शिरली. त्याच्या डोळ्यांपुढे ताईचे हात आले. ती तर सगळं हातांनीच बघणार. आणि तिच्या त्या सुरकुतलेल्या बोटांत आपण कुसळं घालायची? काळेकुट्ट, खाचा पडलेले, शेणामुताने माखलेले खांब बहिणीच्या हाती द्यायचे? लोक काय म्हणतील, सुतार भाऊ असून? बाईंना दातांतलं कळत असेल, लाकडातलं काय कळतंय, असं म्हणून त्याने रंधा काढला. जेवणाची शुद्ध नव्हती त्याला. खाच बोटभर खोल, म्हणजे चहूबाजूंनी तेवढं लाकूड उतरवायचं. खांब सागाचे, जाडजूड, दम होता त्यांच्यात. आठ दिवस घासत होता. मग पॉलिश कागद, मग तेल. शेवटी डोळे मिटून त्याने आठही खांबांवरून तळवा फिरवला. कुठे म्हणून कुठे बोट अडलं नाही. तो एकटाच हसला.

बाई परतल्या त्याच सकाळी तो ताईला घेऊन गेला. ताईने ठेवणीतली साडी नेसली होती. रस्ताभर बडबड चालली होती, "चांदीच्या खांबाला वर एक खिळा आहे, काढला नाहीस ना?" तो म्हणाला, "तू चल तर!" दारात बाई उभ्या होत्या. खांब बघून त्यांचा चेहरा पडलेला होता. "मास्तर, मी सांगितलं होतं ना..." म्हणाल्या, पण ताईला पाहून दारातून बाजूला झाल्या.

ताईने हात सोडवून घेतला. "आता कुणी बोलायचं नाही." चार पावलं गेली, हात पुढे केला, पहिला खांब लागला. हात खाली गेला, गुडघ्याच्या वर थांबला. परत वर आला. परत खाली. तिने खांबाला वळसा घातला, दुसऱ्या बाजूने चाचपलं. मग पुढे दुसरा. त्यालाही तेच. तिसऱ्याकडे वळली तर भिंतीला खांदा आपटला. मागे फिरली, बाकाला गुडघा लागला, पुन्हा दोन्ही हात पुढे केले आणि हवेत चाचपडत राहिली. गोठ्यात, जिथे ती कधीच आंधळी नव्हती, तिथे. रंधामास्तर पुढे झाला, तर बाईंनी त्याची बाही धरली. फळीचं काय चुकलं, ते त्रेपन्न वर्षांनी त्याला आत्ता कळत होतं.

ताईच्या हाताला एक खांब लागला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, कपाळ टेकवलं. मग म्हणाली, "हा बघ. हा माझ्या बांडीचा. लगेच ओळखला." आणि हसली. "छान केलंयस हो धाकट्या. हातच ठरत नाही लाकडावर."

तो सातवा खांब होता. वखारीतून आणलेला. त्याला आयुष्यात कधी गाय बांधली नव्हती.

दुसऱ्या दिवशी रंधामास्तर सकाळीच जुना दोर घेऊन गोठ्यावर गेला. बांडीच्या खांबाला गुडघ्याच्या वर वेढा टाकला, जमिनीवर बसला आणि दोन्ही टोकं धरून दोर ओढायला लागला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. बाई दोनदा येऊन बघून गेल्या, चहा ठेवून गेल्या. साठी ओलांडलेला माणूस दिवसभर दोर ओढत होता आणि मध्येच बाहीने डोळे पुसत होता. चार वाजता त्याने बोट लावून पाहिलं. तेल तेवढं निघालं होतं. लाकडावर नखाएवढी रेघसुद्धा नव्हती.

घरी आला तेव्हा ताई खाटेवर बसली होती, दांडा धरून. "आलास? ये, बस," म्हणाली आणि सवयीने त्याचा हात हातात घेतला. तळव्यावरून तिचं बोट फिरलं आणि थांबलं. आयुष्यभर गाई ओढलेली बाई ती. सोललेला तळवा तिला कुणी सांगायला हवा?

"दोर ओढलास?"

तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. "ताई, मी सगळं घालवलं गं. तुझं सगळं घालवलं."

"वेडा आहेस," ती म्हणाली. पदराने त्याचे डोळे पुसले, न बघता बरोबर पुसले. "चाळीस वर्षं लागली गाईंना. एका दिवसात होतंय होय? मला कूस टोचू नये म्हणून केलंस ना? कळलं मला. तिथेच कळलं."

आतून त्याच्या बायकोने चहाला हाक मारली. तो उठला. ताईने त्याचा हात सोडला नाही.

"धाकट्या, एक ऐकशील?"

"सांग ना."

"माझ्या खाटेला तेवढा रंधा लावू नकोस."