नको असलेल्या शब्दांची यादी

अप्पांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्यांची थोरलीही पाट्याच लिहिते, फक्त तिची पाटी कुठल्या भिंतीवर टांगलेली नसते. फोनवर काही शोधायला गेलं की उत्तरांच्या आधी दोन-तीन ओळी येतात, कडेला ‘जाहिरात’ असा बारीक शब्द असलेल्या. त्या कुणीतरी बसून लिहिलेल्या असतात, हे लोकांच्या ध्यानीमनीही नसतं. ओळीवर बोट पडलं तर दुकानदाराला पैसे लागतात. नुसती नजर पडली तर काही नाही. शंभरदा दिसली तर बोटं किती पडली, या एका आकड्यावर थोरलीची लायकी ठरते.

ओळ तीस अक्षरांची. नोकरीच्या पहिल्या दिवशी बाकीचे तीसच्या आत मावायला धडपडत होते, तेव्हा हिला हसू आलं होतं. लहानपणी ती अप्पांच्या पायाशी रंगाचा डबा धरून बसायची आणि अप्पा पत्र्यावर खडूनं घरं आखत म्हणायचे, “पत्रा संपला की बोलणं संपलं. दुकानदाराला सांगून बघ, त्याला अख्खी वंशावळ लिहून हवी असते.”

आई गेली, धाकटी लग्न करून लांब गेली. इमारतीला लिफ्ट नाही आणि घर तिसऱ्या मजल्यावर. मागच्या वर्षी अप्पा जिन्यात पडले, खुबा मोडला. हाड सांधलं, पण खाली उतरणं कायमचं संपलं. तेव्हापासून चार पायांचा वॉकर, खुर्ची आणि खिडकी. खिडकीला कबुतरांसाठी जाळी. जाळीतून समोरचं चपलांचं दुकान दिसतं. त्यावरची पाटी बावीस वर्षं अप्पांच्या हातची होती. आता तिथे दिव्यांची पेटी आहे, संध्याकाळी लाल होते आणि खोलीची एक भिंतही लाल करते.

दिवसभर अप्पांपाशी एक मावशी बसत. त्यांनी महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच सांगून टाकलं, “या महिन्यानंतर मला जमायचं नाही गं. सुनेचे दिवस भरत आलेत.” दुसरं कुणी मिळेना. मावशी एकदा तासभर औषधं आणायला गेल्या, तेवढ्यात अप्पा न्हाणीघराच्या दाराशी पडले आणि तसेच पडून राहिले. त्यांनी हाक मारली नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, “कुणाला मारायची?”

थोरलीनं साहेबांकडे घरून काम मागितलं. साहेबांना पाठीमागे सगळे ‘टक्के’ म्हणत. माणूस चहा विचारतानाही टक्क्यांत विचारेल, अशी ख्याती.

“नियम तुम्हाला ठाऊक आहे,” टक्के म्हणाले. “ज्यांच्या जाहिराती शंभरात तीनच्या वर, ते घरून. तुमचं बाकी सगळं ठीक आहे. तो एक कबुतरांच्या जाळ्या लावणारा जाळीवाला वर्षभर एकावर लोळतोय.”

“लहान गिऱ्हाईक आहे, साहेब. एका गावापुरती जाहिरात, दिवसाला सव्वाशे वेळा दिसते जेमतेम.”

“म्हणजे चार बोटं पुरेत. महिनाअखेरपर्यंत आणा. नाहीतर मी तरी काय करू?”

ऑफिस एका फर्निचरच्या दुकानाच्या माळ्यावर होतं. खिडक्या होत्या, पण काचांना दुधी कागद चिकटवलेला. बाहेर दिवस आहे एवढंच कळायचं. थोरलीनं जाळीवाल्याचं खातं उघडलं. शब्द त्यानंच दिलेले, तिनं फक्त मांडलेले: ‘सर्व प्रकारच्या जाळ्या योग्य दरात’. असलं वाक्य दुसऱ्या कुणी रंगवायला दिलं असतं तर अप्पांनी ब्रश टाकला असता. लोक काय लिहून शोधतात ते तिनं वाचायला घेतलं. कुणाला मासे पकडायची जाळी हवी होती, कुणाला केसांची, कुणाला शर्यतीची कबुतरं विकत. या सगळ्यांसमोर बिचाऱ्या जाळीवाल्याची ओळ उभी राहत होती आणि मान खाली घालून परतत होती. अशांसाठी एक यादी असते, नको असलेल्या शब्दांची. त्यात शब्द टाकला की त्या माणसाला ओळ दिसतच नाही. मासे, केस, शर्यत, विकत. तिनं एकेक टाकत नेले.

मग जाळीवाल्यालाच फोन लावला. एकटा माणूस, एक शिडी, एक स्कूटर.

“दादा, लोक फोन करतात तेव्हा पहिलं वाक्य काय बोलतात?”

“बोलतात कसले, रडतात. गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही म्हणतात. आणि ताई, निम्म्यांकडे अंडी असतात. काय करू, काय करू!”

“तुम्ही काय सांगता?”

“सांगतो, थांबा. पिल्लं उडू द्या, मग जाळी लावू. घाई केली तर आई बाहेर आणि पिल्लं आत. आपल्याला नाही तसलं पाप परवडत.”

तिनं अक्षरं मोजली. ‘पिल्लं उडू द्या, मग जाळी लावू.’ पत्र्यात बसत होतं. जुनी ओळ काढून तीच चढवली.

बोटं वाढली. पण आकडा दीडवर येऊन बसला, तो हलेना. फक्त मंगळवारी चारवर जाई आणि बुधवारी पुन्हा जागेवर. तिनं टक्क्यांना हे सांगितलं. ते गंभीरपणे म्हणाले, “मंगळवारी कबुतरं जास्त येत असतील.” शेजारच्या टेबलावरची मैत्रीण, जी दिवसभर पलंगांच्या ओळी लिहायची, हळूच म्हणाली, “त्यांना मंगळवारी सुट्टी असते ना.” थोरली हसली. दहा दिवस उरले होते.

त्या दुपारी तिनं दिवसाचे तास उलगडून पाहिले. कोणत्या तासाला ओळ किती वेळा दिसली, याची एक उंचसखल रेघ. सकाळी साडेआठला रेघ चढत होती. एक ते तीन अगदी तळाशी. तीनला पुन्हा उभी, साडेसातला खाली. रोज तेच. शोधलेलं वाक्यही एकच, दिवसातून साठ-सत्तर वेळा: ‘खिडकीला कबुतरजाळी’. मंगळवारी ते वाक्य जवळपास नव्हतंच.

ती रेघ तिच्या ओळखीची होती. साडेआठला ती घराबाहेर पडायची. एक ते तीन अप्पा झोपायचे. साडेसातला ती परतायची. आणि मंगळवारी व्यायाम करवणारा माणूस येऊन अप्पांना इतकं पिळून काढायचा, की ते दिवसभर पलंगावर पडून असत.

वर्षापूर्वी, ते नुकतेच पडले होते तेव्हा, तिनंच धाकटीनं पाठवलेल्या टॅबवर त्यांना आपली ओळ शोधून दाखवली होती. अप्पांनी टॅब लांब धरून बघितलं होतं. “अक्षर तुझं नाही,” ते म्हणाले होते, “पण मांडणी तुझी.” आणि तिनंच बजावलं होतं, “बघा हवं तितकं, पण दाबायचं नाही हं. त्या जाळीवाल्याला भुर्दंड पडतो.” सव्वाशेतल्या निम्म्या नजरा अप्पांच्या होत्या, आणि बोट एकही नाही.

घरी पोचली तेव्हा खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका आले होते, गळ्यात टेप तसाच. मावशी चपला घालत होत्या. अप्पा टॅब मांडीवर घेऊन खुर्चीत ताठ बसलेले.

“हे बघ, आता लिहितो. खिडकीला... कबुतरजाळी. आली की नाही? पिल्लं उडू द्या! ही थोरलीची.”

“काल दाखवलीस की.”

“काल जुनी होती.”

“कालही पिल्लंच होती, पेंटर. परवाही पिल्लंच. आतापर्यंत त्यांना नातवंडं झाली असतील.”

“तुला काय कळतंय? आयुष्यभर बाह्या जोडल्यास. अख्खं गाव बघतंय ही ओळ. माझी पाटी बघायला लोकांना त्या रस्त्यानं यावं लागायचं. हिची जिथं माणूस बसेल तिथं जाते.” मग थोरली दिसली तसे ते तिच्याकडे वळले. “एकदाही दाबलं नाही हं. या शिंप्याचं बोट लागत होतं, हातावर फटका मारला.”

थोरली पाणी प्यायली. सांगायचं होतं ते वाक्य तिनं जिन्यात तीन मजले जुळवलं होतं. अप्पा, बघू नका. चार शब्दही लागत नव्हते. ते तोंडाशी आलं आणि तिला अप्पांची बोटं दिसली, काचेवर पत्रा पुसल्यासारखी फिरणारी. दुसरं एक वाक्य याहून सोपं होतं: अप्पा, दाबा. दिवसातून चारदा दाबलं असतं तर आकडा उद्याच चढला असता. पण मग पैसे त्या शिडीवरच्या माणसाचे जाणार होते, आणि अप्पांनी शिंप्याच्या हातावर मारलेला फटका फुकट.

“चहा टाकते,” ती म्हणाली.

सकाळी घरच्या इंटरनेटचा क्रमांक तिनं एका चिठ्ठीवर उतरवला. नको असलेल्यांत असे क्रमांकही टाकता येतात. त्या घराला मग ओळ दिसत नाही. ऑफिसात ती चिठ्ठी समोर ठेवून बराच वेळ बसली. पलंगवाली मैत्रीण म्हणाली, “लॉटरीचा नंबर आहे का गं?” थोरलीनं आकडे भरले. चार आकडे, मध्ये तीन ठिपके, एवढंच काम. इतकं पटकन झालं, याचंच तिला नंतर वाईट वाटत राहिलं.

संध्याकाळी अप्पांचा टॅब उपडा ठेवलेला होता. खोलीची भिंत लाल झालेली.

“थोरले, तुझी ओळ गेली गं.”

“हो?”

“सकाळपासून नाही. मला वाटलं माझंच काही चुकतंय. शिंप्याला वर बोलावून याच टॅबवर बघायला लावलं. त्यालाही सापडेना.”

“काढली असेल त्यांनी,” ती म्हणाली. दिवा न लावताच म्हणाली.

अप्पा खुर्चीतून उठले. मग वॉकर पुढे ओढून, एकेक पाय टाकत, तिच्यापर्यंत आले. बऱ्याच दिवसांत एवढं अंतर ते स्वतःहून चालले नव्हते.

“वाईट वाटून घेऊ नकोस. समोरची पाटी उतरवली तेव्हा मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो. तुझ्या आईला म्हटलं होतं, पोट बिघडलंय.” त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आधारासाठीही असेल. “पत्रा त्यांचा असतो. आपली ओळ डोक्यात असते. दुसरी लिही.”

“लिहीन.”

“मी बघत राहतो. आली की सांगतो तुला.”

महिनाअखेरीला जाळीवाला तीनच्या वर गेला. टक्के म्हणाले, “बघा, म्हटलं नव्हतं? मनात आणलं की होतं.” मावशी सुनेकडे गेल्या. पहिल्या तारखेला थोरलीनं आतल्या खोलीत, अप्पांच्या रंगाच्या डागांनी भरलेल्या टेबलावर, ऑफिसचा संगणक मांडला. दार उघडं ठेवलं. बाहेर अप्पा खिडकीशी. हाक मारली तर ऐकू जाईल, एवढंच अंतर.

पहिल्या दिवशी अप्पांनी तीनदा विचारलं, “तू आत बसून नेमकं काय लिहितेस?” तिनं पलंगांची एक ओळ वाचून दाखवली. त्यांनी एक शब्द काढायला सांगितला. बरोबर होतं त्यांचं. तिनं काढला.

एकला ते झोपले. तीनला उठले. वॉकर सरकला, खुर्ची कुरकुरली, आणि काचेवर बोट आपटल्याचा बारीक आवाज यायला लागला. एकेक अक्षर सावकाश. मग स्तब्धता. मग पुन्हा पहिल्यापासून.

तिच्यासमोर जाळीवाल्याचं खातं उघडं होतं. आज ओळ एकसष्ट वेळा दिसली होती.

“आली नाही अजून,” बाहेरून अप्पा म्हणाले. “येईल.”

बोट पुन्हा वाजू लागलं. न राहवून तिनं आकड्याकडे पाहिलं. एकसष्ट. आवाज थांबला, परत सुरू झाला, परत थांबला. एकसष्टच.