पिवळी बोटं

परवा सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात, मी एका भल्या माणसाची नोकरी घालवता घालवता राहिले...

मी पांढऱ्या उंदरांवर पीएचडी करते. द्राक्षबागेत फवारतात त्या एका औषधाने मादीच्या अंडाशयातले फॉलिकल, म्हणजे बीजांड वाढवणाऱ्या इवल्या पिशव्या, किती खराब होतात ते बघायचं. अर्ध्या माद्यांना औषध, अर्ध्यांना नुसतं पाणी.

पहिल्या बॅचच्या स्लाइड बघितल्या आणि परत परत तपासल्या. पाणीवाल्या माद्यांतही फॉलिकल मरत होते! बीजांड आक्रसलेलं, भोवतीच्या पेशींचे काळे ठिपके झालेले... औषधवाल्यांत जास्त होते, पण यांच्यात एकही नको होता ना? दोन वर्षांचं काम मातीत गेलं असं वाटलं.

संशय लगेच शिवाप्पामामांवर. मामा जतकडचे, मेंढपाळाच्या घरातले, आमच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये कंत्राटावर. पिंजरे तेच साफ करतात, म्हणजे उंदरांची अदलाबदल त्यांनीच केली असणार!

त्यात एकदा त्यांची बोटं पिवळी दिसली. आम्ही ओळखीसाठी पिवळा रंगच लावतो... पाणीवालीच्या डोक्यावर, औषधवालीच्या पाठीवर. म्हटलं, इथंच पाणी मुरतंय.

मग आठवडाभर पाळत. कधी पेन विसरलं, कधी चावी राहिली, असं काहीतरी निमित्त काढून मी डोकावायचे. मामा हसून दार उघडायचे, तर मला ते हसणंही खोटं वाटायचं. गाईड मॅडमना पाठवायचा तक्रारीचा मेलसुद्धा लिहून ठेवला होता.

आणि परवा दुपारी मामा सापडले! एका हातात उंदीर, दुसऱ्या हातात पिवळा बोळा गुंडाळलेली काडी. मी ओरडलेच.

"आवं ताई, चाटून चाटून रंग जातोय की. पुसायच्या आत परत लावाय नगो? मेंढरांना आमी असंच करतो."

एकदा लावलेला रंग शेवटपर्यंत टिकतो, असं मी धरून चालले होते... पहिल्या बॅचपासून मामाच तो जपत होते.

मग फॉलिकल का मेले? गाईड मॅडमना विचारलं, तर त्या हसल्या. "अगं, निरोगी मादीतही बहुतेक फॉलिकल असेच जिरतात. एकही मेलेला दिसला नसता, तर मला संशय आला असता."

हे मी परीक्षेत लिहिलंय हो... स्लाइडवर दिसलं तेव्हा मात्र पुस्तक आठवलं नाही, आधी माणूस चोर वाटला. फार लाज वाटली.

मेल उडवला आणि माफी मागायला गेले. मामा झाडूवाल्या मावशींना माझ्याबद्दलच सांगत होते, "ताई रोज येऊन बघून जात्यात. लय जीव हाय त्यांचा उंदरांवर."

ओरडल्याची माफी मागितली. मी रोज का येत होते, ते मात्र तोंडातून फुटलं नाही... म्हणून इथं लिहिलं.