हातात दिलेला चेंडू

कोच कुणाच्या हातात काही देत नसत. फेकत. किल्ल्या, सफरचंद, साबणाची वडी, मोबाइल, एकदा तर उकडलेलं अंडं. समोरचा तयार आहे की नाही हे विचारायची पद्धत नव्हती आणि वस्तू खाली पडली असंही कधी झालं नाही, कारण आपला हात जिथे असायचा तिथेच ती येऊन पोचायची. पहिल्या दिवशी मैदानाच्या फाटकाशी उभं राहून मी "गुड मॉर्निंग सर" म्हणायला तोंड उघडलं, तर पार्किंगच्या पलीकडून किल्ल्यांचा जुडगा भिरभिरत थेट माझ्या छातीशी आला. मी तो धरला. कसा धरला, ते मला आजही माहीत नाही. "गुड हँड्स!" पलीकडून आवाज आला. ऑस्ट्रेलियात येऊन मला तीन महिने झाले होते आणि तिथे कुणी माझ्याबद्दल काही चांगलं बोलण्याची ती पहिलीच वेळ होती.

तो काळ आमच्यासारख्या विद्यार्थ्यांच्या लोंढ्याचा. मी चिंचवडहून मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन निघालो आणि ब्रिस्बेनला येऊन कुकरीच्या कोर्सला बसलो. हसू नका. ज्या कामांवर पीआर, म्हणजे तिथे कायमचं राहायची परवानगी, मिळायची त्यांच्या यादीत स्वयंपाकी होते, आणि एजंट म्हणाला होता, "आधी पीआर घ्या, मग काय व्हायचं ते व्हा." आईला वाटे पोरगा यंत्रं शिकतोय, पोरगा गाजराच्या एका मापाच्या काड्या कापत होता. इप्सविचच्या बाजूला एका घरात आम्ही सहा जण राहत होतो. सहाही जण वेगवेगळ्या शिफ्टला, त्यामुळे घरात माणसं सहा आणि बोलायला कुणी नाही. कामाची परवानगी आठवड्याला वीस तासांची. त्यातले बरेचसे एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये जात आणि शनिवार सकाळचे तीन तास त्या मैदानाच्या चेंजिंग रूम धुण्यात.

मैदानाची देखभाल कोचकडे होती. अमेरिकेच्या दक्षिणेकडचा काळा माणूस, पन्नाशीचा, दारातून आत येताना खांदे तिरके करावे लागतील एवढा रुंद, आणि उजवा गुडघा अजिबात न वाकणारा. दिवसा गवत कापायचं, रेषा आखायच्या, मॅगपाय पक्ष्यांशी भांडायचं, आणि मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी पोरांना अमेरिकन फुटबॉल शिकवायचा. त्या देशात आधीच दोन-तीन प्रकारचे फुटबॉल नांदतात. हेल्मेट घालून खेळायचा हा आणखी एक बघायला कुत्रंही फिरकत नसे. टीममध्ये सामोअन पोरं, दोन सुदानी भाऊ आणि काही गोरे प्लंबर-सुतार. मैदानावर प्रेक्षक असले तर ते कुणाच्या तरी आईवडिलांपैकी असत.

खेळ त्यांनी मला बाकावर संत्री मांडून शिकवला. "हा मधला क्वार्टरबॅक. डोकं ह्याचं चालतं. हा चेंडू लांब फेकतो, नाहीतर मागून येणाऱ्या रनिंग बॅकच्या पोटात खुपसतो. रनिंग बॅकने तो दोन्ही हातांनी पोटाशी धरायचा आणि समोरच्या भिंतीत घुसायचं."

"भिंतीत?"

"माणसांची भिंत. तिच्यात गॅप असते."

"दिसते?"

"दिसत नाही. तू निघालास की उघडते. दिसायची वाट बघतो तो उशिरा पोचतो, मेट."

हे वाक्य ते कशालाही लावत. रस्त्यावर गाडी घुसवताना, व्हिसाचा फॉर्म भरायला मी टाळाटाळ केली तेव्हा, एकदा तर बँकेच्या रांगेत. मला ते आवडायचं आणि त्याचा रागही यायचा, कारण माझ्या समोर भिंती पुष्कळ होत्या आणि निघून बघायची हिंमत होत नव्हती.

काम संपलं की आम्ही दोघं लाकडी पायऱ्यांवर बसायचो. मी घरून पिठलं आणायचो. कुकरीच्या कोर्सला जाणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला मनापासून येणारा तो एकच पदार्थ. ते पावाला लावून खात आणि म्हणत, "ह्याच्यात काही घालू नकोस. तुझ्या मास्तरांना दाखवूही नकोस." मग अमेरिकेतल्या आपल्या आईला फोन लावत. आमच्या शनिवारी दुपारी तिच्याकडे शुक्रवारची रात्र असायची. म्हातारीला कमी ऐकू येई, त्यामुळे संभाषण बहुतेक "यस मॅम" आणि "नो मॅम" एवढंच. फोन ठेवल्यावर बराच वेळ ते मैदानाकडे बघत बसत. मीही बसे. त्यांचं लग्न मोडलेलं होतं, मुलगी होती, तिचा नंबर त्यांच्याकडे होता आणि तो ते लावत नसत. मला विचारायचं धाडस झालं नाही.

एका शनिवारी मीच विचारलं, "कोच, सगळं फेकता, मग चेंडू का नाही फेकत?" कारण ते खरंच होतं. सरावात चेंडू फेकायचा झाला की ते दुसऱ्याला पुढे करत.

त्यांनी पिठल्याचा हात पुसला. "शाळेत मी क्वार्टरबॅक होतो. गावात माझ्याएवढं लांब कुणी फेकत नव्हतं. मग कॉलेजचा माणूस बघायला आला. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, 'वा, काय अ‍ॅथलीट आहे! पळेल.' नंबर्स, तुला कुणी अ‍ॅथलीट म्हटलं ना, की समज, डोकं त्याने हिशेबात धरलेलंच नाही." मला ते नंबर्स म्हणत, त्याचं कारण पुढे येईल. "आणि माझा दोस्त होता डॅनी. गोरा. पळण्यात माझ्यापेक्षा सरस, सरळ सांगतो. त्याला म्हणाले, तू दुसऱ्यासाठी वाट मोकळी कर, धडका दे. गोरा पोरगा एवढा चपळ असेल हे त्यांच्या डोळ्यांना पटेना. त्याला कुणी चेंडू दिला नाही आणि मला कुणी फेकू दिला नाही."

"पण तुम्ही प्रोफेशनल खेळलात ना?"

"दोन सीझन. रनिंग बॅकचं दार आमच्यासाठी सताड उघडं होतं, आणि बाहेर फेकायचं दारही तेच. गाडीचा टायर झिजला की टायर बदलतात. बाहेर माझ्यासारखे दहा टायर उभेच होते." मग गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "सव्विसाव्या वर्षी म्हातारा झालो." मग इथल्या एका क्लबाने विमानाचं तिकीट दिलं म्हणून ते आले आणि परत जावं असं तिकडे काही उरलं नव्हतं म्हणून राहिले.

आता माझं. मी शाळेत खो-खो खेळायचो. जिल्ह्यापर्यंत गेलो होतो. पाठलाग करणाऱ्याला डावा खांदा दाखवून उजवीकडून निसटायचं हे माझ्या पायांना आजही झोपेत येतं. त्या सामन्यांत रनिंग बॅकला पळताना बघून माझे पाय शिवशिवायचे. त्या देशात मला येत असलेली एकच गोष्ट तिथे होती, आणि ती करायची होती. एकदाच, खऱ्या सामन्यात. मी सरावाला जाऊ लागलो. कोचनी पहिल्याच दिवशी माझ्याकडे वही फेकली. "तू माझा आकडेवाला. कोण किती पळालं, लिही. तुमची माणसं आकड्यांत हुशार." तेव्हापासून मी नंबर्स. दोन सीझन मी रेषेबाहेर उभं राहून दुसऱ्यांचं पळणं लिहिलं. वही मात्र नीट ठेवली हो.

मग एका गुरुवारी एक खेळाडू कमी पडला आणि त्यांनी मला आत घेतलं. चेंडू पोटात आला. समोर टाला होता, दोन मीटर उंच सामोअन. मी डावा खांदा दाखवला. टाला पूर्णपणे डावीकडे गेला आणि तोंडावर आपटला. पोरं गडाबडा लोळली, टाला स्वतः हसत होता. कोच हसले नाहीत. म्हणाले, "नाइस. चल, वही घे."

माझं डोकंच फिरलं. सराव संपल्यावर मी त्यांना गाठलं. "कोच, मला गणितात दोनदा केटी लागली होती."

"म्हणजे?"

"म्हणजे नापास! दोनदा! आणि तुम्ही मला दोन वर्षं आकडे लिहायला बसवलंत. कशावरून? माझा चेहरा बघून. तुमच्याकडे बघून तो माणूस 'पळ' म्हणाला, माझ्याकडे बघून तुम्ही 'मोज' म्हणालात. फरक काय?"

ते वाकत नसलेल्या गुडघ्यावरून कसेबसे झुकून सरावाच्या खुणांचे प्लास्टिकचे कोन एकेक करून उचलत राहिले. जाताना फाटकाच्या किल्ल्या बाकावर ठेवून गेले. फेकल्या नाहीत. बरं झालं, असं मला घरी पोचेपर्यंत वाटलं आणि घरी पोचल्यावर वाईट वाटायला लागलं.

शनिवारी त्यांनी तो विषय काढला नाही. एवढंच म्हणाले, "उद्या शेवटची मॅच. लवकर ये. एक वाजता." मी मनात म्हटलं, झालं, नवीन वही आणली असेल. तेवढ्यात रेस्टॉरंटच्या मालकांचा, आमच्या पाजींचा फोन: "कल बड़ा फंक्शन है, आ जा पुत्तर." पीआरसाठी लागणारं अनुभवाचं पत्र त्यांच्याकडूनच मिळायचं होतं, हे कारण खरं होतं; पण खरं सांगायचं तर मला रुसायचं होतं. मी रविवारी सकाळी मेसेज केला, 'सॉरी कोच, शिफ्ट आहे.' उत्तर आलं, 'नो वरीज.' मी दिवसभर कांदे चिरले. कांद्याचं एक बरं असतं, डोळ्यांना कुणी काही विचारत नाही.

पुढच्या शनिवारी चेंजिंग रूम धुवायला गेलो. भिंतीवर सामन्याची यादी अजून चिकटवलेली होती. रनिंग बॅकसमोर नाव होतं: वाघचौरे. नंबर्स नव्हे. माझं सबंध आडनाव, इंग्रजीत, एकही अक्षर न चुकता, जागा पुरेना म्हणून शेवटी बारीक करत नेलेलं. खाली खुंटीला बावीस नंबरची जर्सी, घडी न मोडलेली. बावीस हा त्यांचा स्वतःचा नंबर होता आणि तो क्लबमध्ये कुणाला मिळत नसे.

टाला हेल्मेट न्यायला आला होता. म्हणाला, "ब्रो, कुठे होतास तू? हाफ-टाइमपर्यंत तुझी जागा कोचनी कुणाला दिली नाही. अकराऐवजी दहा जणांत खेळलो. सारखे पार्किंगकडे बघत होते."

मी धावत बाहेर गेलो. कोच गवत कापत होते. मी सॉरी म्हटलं, ते यंत्राच्या आवाजात गेलं, पुन्हा म्हटलं. त्यांनी यंत्र बंद केलं.

"तू नाही चुकलास," ते म्हणाले. "दोन वर्षं ज्याला वहीच दिली, त्याला ह्या वेळी जर्सी मिळणार हे कळावं कसं? सांगायला हवं होतं मी. पण मला तुझा चेहरा बघायचा होता. खुंटीवर जर्सी बघून कसा होतो ते."

"पुढच्या सीझनला..." मी म्हटलं.

पुढचा सीझन झालाच नाही. पोरं कमी पडली, क्लब बंद झाला, मैदान दुसऱ्या खेळाकडे गेलं. कोचना डार्विनला गॅसच्या कामावर ड्रायव्हरची नोकरी मिळाली. "तिकडे गरम असतं. गुडघा खूश होईल," म्हणाले. पोहोचल्यावर एक फोन आला, पुढे नंबर बदलला. मीही घरं बदलली, पीआर मिळाली, किचन सुटलं. आता मी स्प्रिंगफील्ड लेक्सला राहतो आणि एका कारखान्यात यंत्रांचंच काम बघतो. तिथे नव्या माणसाला काम नेमून द्यायची वेळ येते तेव्हा मी त्याच्याकडे न बघता आधी विचारतो, काय करायला आवडेल? बायको म्हणते, किल्ल्या हातात देत जा, फेकू नका. मुलगी मात्र अचूक झेलते. "गुड हँड्स," मी म्हणतो. "डॅड, यू आर सो विअर्ड," ती म्हणते.

कोच डार्विनला निघाले तो शनिवार होता. त्यांच्या यूटच्या, म्हणजे छोट्या ट्रकच्या, उघड्या हौद्यात दोन बॅगा, एक गादी आणि गवत कापायचं जुनं यंत्र. मी पिठल्याचा डबा दिला. त्यांनी तो सीटवर ठेवला, सीटमागून चेंडू काढला आणि लंगडत मैदानाच्या एका टोकाला गेले. मी दूर उभा राहून हात पुढे केले, म्हटलं, आता फेकतील.

"इकडे ये," ते ओरडले. "माझ्या मागे. डावीकडे."

मी जाऊन उभा राहिलो. ते जमेल तेवढे वाकले, काहीतरी ओरडले, गर्रकन वळले आणि मी पुढे झालो तसा त्यांनी चेंडू माझ्या पोटात दिला. हातात. मी दोन्ही हात मिटून घेतले.

"माझ्याकडे बघू नको, वाघचौरे! पुढे बघ! पळ!"

मी पळालो. समोर कुणी नव्हतं, तरी डावा खांदा दाखवला, उजवीकडून निसटलो, पुन्हा दाखवला. पार दुसऱ्या टोकाच्या रेषेपलीकडे गेलो. तिथे गुडघ्यांवर वाकून दम खाल्ला, बाहीने डोळे पुसले, आणि बऱ्याच वेळाने मागे वळलो. यूट फाटकातून बाहेर पडत होती. मैदानात मी आणि दोन मॅगपाय. चेंडू अजून मी पोटाशीच धरलेला होता.