तळघरातली वेगळी चूल

ड्रग्जच्या गुन्ह्याची शिक्षा भोगून मुलगा इथे अमेरिकेत, नोव्हाय गावी माझ्याकडे परतला, तेव्हा मी आठवडाभर त्याच्या आवडीचं रांधत सुटले होते. एका दुपारी तो ताटावर बसल्या बसल्या म्हणाला, "आई, मी बेसमेंटमध्ये राहतो. तुला रेंट देईन, जेवण माझं मी बनवेन. आता तुझ्या जिवावर नाही, प्लीज." मला असा राग आला की मी भांडी आपटली. सव्वीस वर्षांचा घोडा मला भाडं देणार होता!

एका गोदामात त्याला जेमतेम थोडं काम मिळायचं. भाडं हट्टाने द्यायचा आणि मग ब्रेडवर दिवस काढायचा. सरकारी अन्नमदत आपल्यासारख्या शिक्षा झालेल्याला मिळतच नाही, असं तो धरून चालला होता. आमच्या राज्यात ती बंदी उठली आहे, हे त्याला त्याच्या समुपदेशक बाईंकडून कळलं आणि त्याने अर्ज केला. अडचण एकच होती. तो माझ्यात जेवत असेल तर माझा पगारही त्याच्या उत्पन्नात धरला जाणार आणि मदत हातची जाणार.

अन्नमदतीच्या ऑफिसातून चौकशीचा फोन आला तेव्हा त्याने तो स्पीकरवर टाकून माझ्यापुढे धरला. "जे आहे तेच सांग, आई."

मुलगा तुमच्याबरोबर जेवतो का, असं पलीकडच्या बाईंनी विचारलं.

पोटचा पोर माझ्याच घरात वेगळं शिजवतो, हे परक्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं? "ऑफ कोर्स" अगदी ओठांवर आलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. व्यसनाच्या दिवसांत त्याच्यासाठी मी शेजारी, नातेवाईक, सगळ्यांशी खोटं बोलले होते. आज तो मला खरं बोलायला सांगत होता.

"नाही," मी इंग्रजीत म्हणाले, "त्याचं तो आणतो, त्याचं तो शिजवतो." बोलताना मला रडू आलं.

मदत मंजूर झाली. किराणा घ्यायचं सरकारी कार्ड आलं त्या संध्याकाळी तो डाळ, तांदूळ, कांदे घेऊन थेट खाली गेला. थोड्या वेळाने फोडणी करपल्याचा वास आला. मी हातातलं टाकून धावले आणि निम्मा जिना उतरले. खाली तो शीळ घालत होता. मी तिथेच पायरीवर बसले, डोळे पुसले आणि खाली गेले नाही.